लाल दोऱ्याची पिशवी उघडा

अन्याय माझ्या आईवर झाला. होळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण तिनंच ती लिहून ठेवली आहे. कोळसा तपासायच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं काढली, प्रत्येक नोंदीखाली घड्याळ बघून वेळ टाकायची सवय. स्वतःच्या बदनामीच्या कागदावर सही करतानाही ती सवय सुटली नाही. कागदावर हिंदीत दोन ओळी आहेत. टब उघडा राहिला होता. चूक माझी आहे.

टब उघडा नव्हता. चूक तिची नव्हती. कोणाची होती ते मी सांगणार आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे. तेव्हा मी साळसूद आहे असं समजून कोणी वाचू नये.

आईचं नाव लिहिणार नाही. तिनं मनाई केली आहे. "माहं नाव कायले पायजे तुले? काम लिही," म्हणाली. तर काम लिहिते.

प्रयोगशाळा छत्तीसगढात, भनपुरीत आहे, ट्रकांच्या गॅरेजांमागे, पत्र्याच्या छपराखाली. खाणीतल्या कोळशात दगड असतो. तो वेगळा करणाऱ्या कारखान्याला इकडे सगळे वॉशरी म्हणतात. वॉशरीत कच्चा कोळसा जातो आणि दोन ढीग निघतात, एक धुतलेल्या कोळशाचा आणि एक टाकाऊ. टाकाऊला रिजेक्ट म्हणतात. वॉशरीनं काम नीट केलं की नाही हे पाहायचं असेल तर दोन्ही ढिगांचे नमुने पोत्यांतून आईच्या टेबलावर येत.

टेबल म्हणजे खरं तर ओळीनं मांडलेले टब. त्यांत झिंक क्लोराईडचं पाणी, एकात पातळ, पुढच्यात त्याहून जड, त्याच्या पुढच्यात आणखी जड. आई त्यांना आकड्यांनीच हाक मारायची: एक-चार, एक-पाच, एक-सहा, एक-सात. एक-पाच म्हणजे साध्या पाण्याच्या दीडपट जड. चांगला कोळसा हलका असतो, तो एक-पाचवर तरंगतो. दगड तळाला जातो. मधला, अर्धा कोळसा अर्धा दगड असा चिकटलेला तुकडा, कुठल्या टबात वर येईल ते त्याच्या पोटात काय आहे त्यावर ठरतं. आई नमुना हळूच टबात सोडायची, ढवळायची, थांबायची, आणि वर आलेलं झाऱ्यानं काढून घ्यायची. हो, झाऱ्यानं. घरी पुऱ्या तळायचा असतो तसाच, फक्त स्टीलचा आणि लांब दांड्याचा. खाली बसलेलं पुढच्या, जास्त जड टबात. मग प्रत्येक वाटा गरम पाण्यानं धुवायचा, कारण झिंक क्लोराईड चिकटून राहिलं तर वजनही खोटं येतं आणि राखही. मग वाळवायचं, तोलायचं, जाळून राख बघायची.

त्या पाण्यानं हात खाल्ले जातात. हातमोजे मिळायचे पण बोटांत फाटलेले. लहानपणी आई माझी वेणी घालायची तेव्हा तिच्या बोटांचं खरखरीत कातडं केसांत अडकायचं आणि मी ओरडायची. ती म्हणायची, "थांब वो पोट्टे, एक-सातचा हात आहे आज." मला वाटायचं सगळ्यांच्याच आयांच्या हातांना असे नंबर असतात.

मी शाळेपासून घरात हिंदीत उत्तर द्यायला लागले होते. आई मराठीत विचारायची, मी हिंदीत बोलायची. बाबा रेल्वेतले, ते दोन्हीकडून बोलायचे. कॉलेजात चळवळीची गोडी लागली तेव्हा पत्रकं हिंदीतच लिहिली. सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या फाटकाशी पहाटेच्या पाळीला वाटायची, दुपारी दोनच्या पाळीला उरलेली. पत्रक लिहायला मी तिथेच शिकले. पहिल्या ओळीत कोणावर काय झालं ते, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्यानं काय करायचं ते, आणि मधे एक आकडा, असा की वाचणारा थांबलाच पाहिजे.

तो आकडाच नडला.

सिलतऱ्याच्या पुढे एक गाव आहे. गावाच्या टोकाला एका वॉशरीचा रिजेक्टचा डोंगर. तो डोंगर आतून जळतो. वरून राखाडी, आतून लाल, आणि संध्याकाळी वारा पडला की धूर सरळ शाळेच्या मैदानावर उतरतो. गावातल्या बाया धुतलेले कपडे घरात वाळत घालतात. आम्ही चळवळीतल्यांनी तक्रार केली तेव्हा वॉशरीचा माणूस हसत म्हणाला, "वो तो पत्थर है दीदी. पत्थर भी कभी जलता है?" डोळ्यांना दिसत होतं, पण कागदावर नव्हतं.

होळीनंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी आई घरी आली, पदरानं तोंड पुसलं आणि बाबांना म्हणाली, "आज रिजेक्टमध्ये लय तरंगलं. दहातले तीन वाटे एक-पाचवरच वर आले. रिजेक्ट आहे का कोळशाचं दुकान आहे, मले तर समजून नाही राहिलं."

मी भाजी वाढून घेत होते. विचारलं, "कौन सी वॉशरी?"

तिनं सांगितलं नाही. नमुन्याच्या पोत्यावर फक्त क्रमांक असतो, असं म्हणाली. पण पोत्याला त्या गावच्या रस्त्याची तांबडी माती लागलेली होती, तेवढं तिच्या तोंडून निघून गेलं. मला तेवढंच पुरलं.

दोन दिवसांत पत्रक छापलं. मोठ्या अक्षरांत: ही वॉशरी दहापैकी तीन वाटे चांगला कोळसा डोंगरावर फेकते, तोच जळतो, तोच तुमची लेकरं श्वासात घेतात. मी खूश होते. आकडा होता, लेकरं होती. आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती हे मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही. मित्रांसमोर मी त्याला हिंमत म्हणत होते.

पत्रक तिच्या हातात आलं ते प्रयोगशाळेतच. तिच्या मदतीला एक छत्तीसगढी बाई आहे, कोळसा फोडून चाळणारी, आई तिला दीदी म्हणते आणि ती आईला बहिनी. तिच्या भाच्यानं फाटकावरून ते आणलं होतं. आई घरी आली ती चप्पल न काढता आत आली.

"हे तू लिहिलं?"

"हां."

"काय लिहिलं तुले समजते का? दहातले तीन कशातले?"

"कोयले के."

"रिजेक्टचे! रिजेक्टच्या दहातले तीन! कच्च्या कोळशाचे नाही. पोट्टे, पोतंभर कोळसा वॉशरीत गेला, त्यातला मूठभर रिजेक्टमध्ये आला, त्या मुठीतले तीन वाटे. अन् तू लिहिलं सगळ्या पोत्याचे तीन वाटे."

मी म्हटलं, एवढा काय फरक पडतो, कोळसा तर फेकतातच ना.

तेव्हा ती खाली बसली. रागावलेली माणसं उभी राहतात, ती खाली बसते. म्हणाली, "दीदीले पाहिलं कधी धान पाखडताना? सुपात तांदूळ उरते, कोंडा उडते. पाखडणारी चांगली का नाही, हे कुठं पाहतात?"

"चावल में?"

"कोंड्यात. कोंड्यात किती दाणे गेले ते पाहतात. पण पूर्ण हिशेब करायचा तर धान किती होतं, त्यात मुळात किती दाणे होते, तेही लागते. कोंड्यातले दाणे पाहून तू म्हणशील धान लुटलं, तर सासू तुले बाहेर काढन. वॉशरीची पारख तशीच असते. कच्च्यात किती चांगलं होतं ते आधी टबात पाहायचं, मग निघालं किती ते पाहायचं. तू अर्धं ऐकलं अन् पूर्ण छापलं."

ते मला कळलं. उशिरा कळलं, पण पक्कं कळलं. आता झोपेतही चुकणार नाही. तेव्हा मात्र पत्रकं वाटून झाली होती.

वॉशरीवाल्यांना हेच हवं होतं. त्यांनी गावात सांगितलं, पत्रक खोटं आहे, कोणालाही विचारा. आणि ते खोटं होतंच, माझ्यामुळे. खोट्या पत्रकाच्या आडून मग त्यांनी खऱ्या तपासणीवर हात टाकला. प्रयोगशाळेत फोन गेला. प्रयोगशाळेच्या साहेबांनी दोन दिवस काही केलं नाही, तिसऱ्या दिवशी आईला आत बोलावलं. तोच तो मंगळवार.

खोलीत काय झालं ते आईनं मला एकदाच सांगितलं, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. साहेब म्हणाले की मार्चमध्ये ऊन चढतं, टब उघडा राहिला तर पाणी उडतं, लिक्विड घट्ट होतं. मग एक-पाच हा एक-पाच राहत नाही, एक-आठ होतो, आणि दगडसुद्धा वर येतो. बोलण्यात खोट नव्हती. असं होऊ शकतं. म्हणूनच आई प्रत्येक टबावर परात झाकते, आणि नमुना टाकण्याआधी एकदा, काढल्यावर एकदा, काचेचा हायड्रोमीटर सोडून जडपणा बघते. दोन्ही आकडे वहीत, वेळेसकट. तिनं वही पुढे केली.

साहेब म्हणाले, "लिखने को तो कोई भी लिख ले, मैडम."

एकोणीस वर्षांच्या वह्या त्याच खोलीच्या कपाटात होत्या. त्यांच्या जिवावर हा माणूस अहवालांवर शिक्के मारत आला होता. आणि म्हणतो, लिखने को तो कोई भी लिख ले.

मग त्यांनी दुसरा कागद काढला, माझं पत्रक. म्हणाले, ग्राहकाचा, म्हणजे वॉशरीचा, आकडा बाहेर गेला, ग्राहक केस करायला बसला आहे, पत्रकाखाली नाव आपल्या मुलीचं आहे. पण चूक तपासणीतच होती असं लिहून दिलं तर आकडाच राहत नाही, आणि आकडा नाही तर केस कसली? आई म्हणते ते वाक्य त्यांनी फार गोड आवाजात म्हटलं. "बच्ची का सोचिए."

अकरा वाजून दहा मिनिटं.

तिनं सही केली, तिच्या पराती आणि झारा मागितला, कारण ते सगळं तिनं घरून नेलेलं होतं. पराती मिळाल्या. झारा सापडला नाही. दुसऱ्या दिवसापासून येऊ नका, असं तोंडी सांगण्यात आलं.

पुढचे पंधरा दिवस मी घरात चोरासारखी वावरले. एकदा बाबांनी आईला विचारलं, "चहा करून राहिली का?" तर म्हणाली, "करतो न, आता मले दुसरं काय काम आहे." बाबा चहा न पिताच बाहेर गेले.

मला काहीतरी करून दाखवायचं होतं. म्हणून मी दुसरी चूक केली. ठरवलं की गावातच, सगळ्यांसमोर, बादलीत तपासणी करायची. झिंक क्लोराईड कुठून आणणार? मी म्हटलं, मीठ आहे की. खाऱ्या पाण्यात माणूसही तरंगतो म्हणतात. अभनपुरच्या बाजारातून मिठाची अर्धी गोणी आणली, गावच्या चावडीवर बादली ठेवली, विरघळेल तेवढं मीठ विरघळवलं. डोंगरावरून आणलेला रिजेक्ट सोडला. सगळा बुडाला. म्हटलं असू दे, चांगला कोळसा टाकून दाखवते. एका घरातून शेगडीचा चकाकता काळा कोळसा आणला, टाकला. तोही बुडाला.

एक म्हातारा बघत होता. म्हणाला, "नोनी, नून बहुत महँगा पड़िस तोला." पोरी, मीठ तुला फार महाग पडलं. सगळा पारा, सगळा मोहल्ला हसला. मीही हसले असते, पण मागे वॉशरीचा माणूस मोबाईलवर व्हिडिओ काढत उभा होता.

घरी आल्यावर आईला सांगावंच लागलं. ती ऐकत राहिली आणि एकदम तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते आहे.

"मीठ?" ती म्हणाली. "मिठाचं पाणी कितीही घट्ट कर, एक-दोनच्या वर जात नाही वो बाई. आपल्याकडचा कोळसा एक-तीनच्या खाली येत नाही. तू तर लोणचं घातलं असंन!"

हसली. त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मले विचारत काहून नाही तू?"

मी म्हटलं, "तुला विचारायला तोंड नव्हतं."

ते वाक्य मी मराठीत म्हटलं. आमच्या दोघींच्याही ते लक्षात आलं.

यानंतर चारच दिवसांनी गावच्या पंचायतीच्या भिंतीवर एक अहवाल चिकटवला गेला. वॉशरीनं लावलेला. त्याच प्रयोगशाळेचा शिक्का, त्याच नमुन्याची म्हणे फेरतपासणी. गावातल्या एका शिक्षिकेनं फोटो पाठवला. मला त्यातून एवढंच कळलं की रिजेक्टमध्ये कोळसा नाही, पत्थर तो पत्थर. मी फोन आईच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले. मला तिचा चेहरा बघायचा नव्हता.

आतून हाक आली. "इकडं ये. चष्मा आण माहा."

ती फोटो बोटांनी मोठा करून वाचत होती. एक-चारवर तरंगलेलं: शून्य. एक-पाचवर: शून्य. एक-सहावर: शून्य. एक-सातवर: शून्य. बुडालेलं: शंभर. बेरीज: शंभर.

"बाप्पा," ती म्हणाली. "बाप्पा बाप्पा. हे कोणी लिहिलं?"

"काहून?"

"हे टबात हात घातलेल्या माणसानं लिहिलेलं नाही."

मग तिनं मला समोर बसवून समजावलं, आणि या वेळी मी वहीत लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं, तिनं दोनदा दुरुस्त केलं. ती वॉशरी जिगवर चालते. जिग म्हणजे कोळसा जाळीवर पसरून खालून पाण्याचे धक्के द्यायचे, हलकं वर सरकतं, जड खाली बसतं. धक्क्यांचं काम ते, त्यात थोडं इकडचं तिकडं जातंच. मधल्या जडपणाचे तुकडे तर बिचारे दोन्हीकडे भटकतात. कोणत्या जडपणाचा किती माल चुकीच्या बाजूला गेला, यावरूनच यंत्र किती कसबी ते ठरतं. कमी चुकलं तर यंत्र चांगलं, जास्त चुकलं तर वाईट. पण एकही तुकडा चुकला नाही, मधलासुद्धा नाही, असं यंत्र कोणी बनवलेलं नाही.

"इतकं साफ तर मी तांदूळ पण निवडत नाही," आई म्हणाली. "अन् ही बेरीज पाय. शंभर म्हणजे शंभर. गाळलं, धुतलं, वाळवलं, अन् एक कण सांडला नाही? माही बेरीज एकोणीस वर्षांत पूर्ण शंभर कधीच आली नाही. थोडं जातेच, मोरीत जाते, झाऱ्याले चिकटते. शंभर ज्याची येते तो घरी बसून लिहिते."

त्यांनी जरा अक्कल लावून खोटं लिहिलं असतं, दहातला अर्धा वाटा तरंगला असं लिहिलं असतं, तर आम्ही मेलो होतो. पण त्यांना वॉशरी निर्दोष दाखवायची होती, आणि कोळशाच्या कामात निर्दोष काही नसतं हे त्यांच्यातल्या कोणाला माहीत नव्हतं. ज्या एकीला माहीत होतं तिला त्यांनी घरी पाठवलं होतं.

मी लगेच पत्रकाचा कागद ओढला. आईनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"आधी पिशवी," ती म्हणाली.

पिशवीचं मला माहीतच नव्हतं. नमुना आला की त्याचा ढीग करायचा, तो चपटा करायचा, मधून आडवी-उभी रेघ मारून चार वाटे पाडायचे. समोरासमोरचे दोन तपासायला घ्यायचे. उरलेल्या दोनांतून एक हिस्सा राखीव पिशवीत, पुढे वाद झाला तर उघडायला. प्रयोगशाळा पिशवीचं तोंड सुतळीनं बांधते. आईला सुतळीचा भरवसा नाही, कोणीही सोडतं आणि पुन्हा बांधतं. म्हणून ती तोंड शिवते, लाल दोऱ्यानं, आमच्या आजीनं शिकवलेल्या गोधडीच्या टाक्यानं, एक पुढे दोन मागे. साहेब त्याला नेहमी हसायचे. "मैडम रजाई बना रही हैं." त्या नमुन्याचीही पिशवी तिनं तशीच शिवली होती. म्हणजे पुरावा त्यांच्याच कोठारात पडून आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. आईनं धुतलेली पांढरी साडी नेसली होती, निळ्या काठाची, जी ती चौदा एप्रिलला नेसते. दारात दीदी भेटली, हातात चाळणी, चेहरा कोळशानं काळा. आईनं फक्त विचारलं, "पिशवी आहे?"

"हव," दीदी म्हणाली. "मोर आँखी के आगू माढ़े हे. कोनो नइ छुए हें." माझ्या डोळ्यांसमोर ठेवलेली आहे, कोणी हात लावलेला नाही. आणि आवाज खाली आणून म्हणाली, "महिना सिराही त फेंक दिहीं." महिना सरला की टाकून देतील.

साहेब खुर्चीतून उठले नाहीत. "अरे मैडम, आइए. कैसी हैं?"

"राखीव नमुना खोला. मेरे सामने, गाँव के चार लोगों के सामने," आई म्हणाली. आईचं हिंदी मराठीसारखंच असतं.

"अब उसका क्या फ़ायदा? आप तो खुद लिखकर दे चुकी हैं."

"लिखा था. अब काट रही हूँ."

तिनं पर्समधून कागद काढला. मी लिहून द्यायला तयार होते, पण तिनं स्वतः लिहिला होता, मराठीत, आणि खाली हिंदीत. मी दिलेली कबुली मागे घेते. टब झाकलेला होता. हायड्रोमीटरचे दोन्ही आकडे वहीत आहेत. सही, तारीख, वेळ.

साहेबांनी कागदाला हात लावला नाही. "ये मैं नहीं ले सकता. और आपकी बेटी वाला मामला..."

आईनं माझ्याकडे बघितलंही नाही.

"केस करा," ती म्हणाली. "करा न. कोर्टात तर पिशवी उघडावीच लागन."

मी एवढी भाषणं दिली, फाटकांवर घोषणा दिल्या, पण त्या खोलीत जे एक वाक्य कामाला आलं ते माझं नव्हतं. आईनं कागद टेबलावर ठेवला, वर त्यांचाच पेपरवेट ठेवला, घड्याळ बघितलं आणि निघाली. दारातून वळून म्हणाली, "अन् माहा झारा शोधून ठेवा."

त्याच दुपारी तो कागद आम्ही रजिस्टर्ड पोस्टानंही पाठवला. पोच आली आहे. उत्तर आलेलं नाही. पंचायतीच्या भिंतीवर शून्य-शून्य-शून्यचा अहवाल अजून चिकटलेला आहे, आणि संध्याकाळी धूर अजून त्याच मैदानावर उतरतो.

मी माझं जुनं पत्रक मागे घेतलं. नवं पत्रक छापलं, त्यात पहिलीच ओळ: मागच्या पत्रकातला आकडा चुकीचा होता, चूक माझी होती. सोबतचे मित्र म्हणाले, असं कोणी लिहितं का, आपलीच बाजू पडेल. मी म्हटलं, माझ्या चुकीचा कागद माझ्या आईनं लिहून दिला, निदान आता तरी तो मला लिहू द्या. आईनं ते पत्रक छापायच्या आधी वाचलं. दोन ठिकाणी खोडलं. एका ठिकाणी मी "हत्यारा डोंगर" लिहिलं होतं, ते खोडून तिनं "जळणारा ढीग" लिहिलं. तसंच छापलं.

आणि हे मराठीत लिहिते आहे, कारण इथे आपली माणसं आहेत. रेल्वेत आहेत, कारखान्यांच्या ऑफिसांत आहेत, सरकारी टेबलांवर आहेत, आणि कित्येकांच्या टेबलावरून असे अहवाल रोज सरकतात. शून्य वाचून शिक्का मारणारे हात परक्यांचेच असतील असं मी धरून चालत नाही.

तर तुम्ही, हे वाचणारे. कोळशातलं आपल्याला काय कळतं, असं म्हणू नका. तुम्हाला आता कळतं. शून्य येत नाही, बेरीज शंभर येत नाही, आणि दगड जळत नाही, एवढं तुम्हाला वाचता वाचता कळलं आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मागच्या महिन्याचे राखीव नमुने बाहेर फेकले जातात. त्या दिवशी सकाळी दहाला भनपुरीच्या त्या फाटकावर या. गॅरेजवाल्या कोणालाही विचारा, कोळसावाली लॅब म्हटलं की बोट दाखवतात. भाषण करायचं नाही, घोषणा द्यायची नाही. आत जायचं, रजिस्टरमध्ये सही करायची, सहीखाली वेळ लिहायची, आणि एकच गोष्ट मागायची: लाल दोऱ्याची पिशवी आमच्यासमोर उघडा, आणि टबाशी तिला उभं करा जिनं ती शिवली.